छातीचं माप कुणी ठरवलं?

पोलीस भरतीच्या मैदानावर एक टेप असते. शिपायाच्या जागेसाठी पुरुषाची उंची कमीत कमी १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर. आपली पोरं पहाटे चारला उठून रस्त्यावर धावतात, उसनवारी करून बूट घेतात, अकॅडमीची फी भरतात, आणि अर्ध्या सेंटिमीटरनं घरी येतात. घरी आल्यावर बाप म्हणतो, आपलं खानदानच बुटकं. आई म्हणते, नशीब. आणि वाड्यावरचा पोरगा हसून म्हणतो, अरे, ते रक्तातच असावं लागतं.

हा 'रक्तातच' शब्द फार जुना नाही. तो कुणी घडवला, कशासाठी घडवला, कुणाला बाहेर ठेवायला वापरला, हे सगळं कागदावर आहे. आणि माणसाचं शरीर खरोखर कशानं घडतं, हेही आता विज्ञानानं बऱ्यापैकी उलगडलंय. हे दोन्ही एकमेकांसमोर ठेवले की थापेचा बुरखा आपोआप गळून पडतो. कार्यकर्त्याला हे माहीत पाहिजे. कारण आपण जातीविरुद्ध भाषण ठोकतो आणि घरी येऊन आपल्याच पोराला म्हणतो, आपलं हाडच बारीक.

१. रक्त कधी बिघडलं?

१ जानेवारी १८१८. भीमा कोरेगाव. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' लागलेली २२ नावं आहेत. ती कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार पिढ्यान्‌पिढ्या शिपाई होते. नाईक झाले, हवालदार झाले, सुभेदार झाले. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी सकपाळ सुभेदार. बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या छावणीत झाला. छावणी म्हणजे नुसती बंदूक नव्हती. छावणी म्हणजे ठरलेला पगार, ठरलेला शिधा, पोरांना शाळा आणि म्हातारपणी पेन्शन. गावकुसाबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा दोन वेळचं ताट हक्कानं मिळालं ते तिथं. भीक म्हणून नव्हे, बलुतं म्हणून नव्हे. पगार म्हणून.

आणि १८९२ च्या आसपास हे दार धाडकन लागलं. महारांची भरती बंद. कारण काय? तर तुम्ही लढाऊ जमात नाही. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचं म्हणणं असं की उत्तरेकडचे शीख, गुरखे, पठाण हे जन्मजात लढवय्ये, आणि दक्षिणेकडचे, मद्रास-मुंबईकडचे लोक मनानं आणि शरीरानंही कमी. ह्यालाच 'मार्शल रेस'चा सिद्धान्त म्हणतात. सिद्धान्त कसला, सोयीची बाब. १८५७ नंतर इंग्रजांना फौज पुन्हा बांधायची होती. पलटणी जातवार करायच्या होत्या. जातवार केलं की वरच्या जातीच्या शिपायाशेजारी महार कशाला, हा प्रश्न आलाच. मनुस्मृतीनं जे गावात केलं, ते राणीच्या सरकारनं छावणीत केलं. फक्त मनूनं कर्म सांगितलं, साहेबानं शरीर सांगितलं.

आता ह्यातली गंमत बघा. शरीर हाच निकष होता तर गुरख्याचं काय? गुरखा हा त्या काळच्या फौजेतला सगळ्यात ठेंगणा शिपाई. त्याची उंची कमी म्हणून तो कधी अडला नाही. त्याच्यासाठी मापच खाली आणलं. म्हणजे टेप सगळ्यांना सारखी नव्हतीच. आधी ठरायचं कोण आत आणि कोण बाहेर. माप मागाहून घेतलं जायचं.

आपले लोक गप्प बसले नाहीत. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. वलंगकरांच्या अर्जात आम्ही मूळचे क्षत्रिय, असा मुद्दा आहे. त्या काळी दुसरी भाषाच उपलब्ध नव्हती. सरकार रक्ताचं विचारत होतं, म्हणून उत्तरही रक्ताचंच द्यावं लागलं. आज आपण ते उत्तर देणार नाही. आज आपण प्रश्नच नाकारणार आहोत.

पुढं काय झालं? १९१४ ला महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ पर्यंत पलटण मोडली. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. म्हंजे बघा, लढाई आली की आपलं रक्त सुधारतं, लढाई संपली की पुन्हा बिघडतं! पंचवीस वर्षांत दोनदा रक्त बदलणारी ही जमात जगाच्या पाठीवर दुसरीकडं सापडायची नाही.

२. साहेबाच्या घरी काय चाललं होतं?

तिकडं हिंदुस्थानात हे चालू असताना इंग्लंडात काय झालं, ते आपल्याला शाळेत शिकवत नाहीत. १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. मँचेस्टर शहरात ११,००० माणसं भरतीला आली, आणि त्यातली ८,००० शरीरानं नापास म्हणून परत पाठवली, असा आकडा त्या काळी फार गाजला. गिरणीतले कामगार. खुजे, बारीक छातीचे, दात किडलेले, पाय वाकडे. साम्राज्याची झोप उडाली. गोऱ्याचं रक्त बिघडलं की काय?

सरकारनं समिती नेमली. १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानं सांगितलं की वंश बिघडला वगैरे म्हणायला पुरावा नाही. दोष आहे तो अन्नाचा, कोंदट घरांचा, घाणीचा, दारिद्र्याचा. आणि उपाय काय केला? १९०६ मध्ये शाळेतल्या गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा. १९०७ मध्ये शाळेत डॉक्टरी तपासणी.

मित्रांनो, हे दोन निवाडे एकाच मुकुटाचे आहेत. मधे फार तर बारा वर्षांचं अंतर. गोरा गरीब खुजा निघाला तर त्याला जेवण द्या. महार बाहेर ठेवायचा असेल तर त्याचं रक्तच हलकं. आपल्या माणसाच्या शरीरात सरकारला भूक दिसते आणि दुसऱ्याच्या शरीरात जात दिसते. वर्णव्यवस्था फक्त संस्कृतात बोलते असं कुणी समजू नये. ती इंग्रजीही फाडफाड बोलते.

आणि हे ज्ञान काही नवं नव्हतं. फ्रान्समध्ये व्हिलेर्मे नावाच्या डॉक्टरानं १८२९ मध्येच सैन्यभरतीचे आकडे तपासून मांडलं होतं, की जिथं सुबत्ता तिथं माणूस उंच आणि लवकर वाढणारा, जिथं हलाखी तिथं बुटका. म्हणजे रॉबर्ट्ससाहेबाच्या साठ वर्षं आधी. पण जे ज्ञान सोयीचं नसतं ते कपाटात राहतं.

३. नाकाचं राजकारण

छातीनंतर नाक. हर्बर्ट रिस्ले हा आयसीएस अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्यानं लोकांची नाकं मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची, त्याचा निर्देशांक. आणि सांगितलं की जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, जितकी खालची तितकं पसरट. म्हणजे जात ही वंशाची शिडी. इथल्या भटांना हे ऐकून उकळ्या फुटल्या. आमचे पूर्वज आणि साहेबाचे पूर्वज एकच, अशी सोयरीक जुळली.

बाबासाहेबांनी हा फुगा त्याच टाचणीनं फोडला. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात त्यांनी नाकांचे तेच आकडे घेतले, प्रांतवार ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी ठेवले, आणि दाखवलं की दोघांची मापं जुळतात. मापावरच वंश ठरवायचा असेल तर मग ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. अस्पृश्यता वंशातून आलेली नाही, ती समाजानं लादलेली आहे. शत्रूची मोजपट्टी हातात घेऊन शत्रूलाच मोजणं, हे बाबासाहेबांचं तंत्र कार्यकर्त्यांनी शिकून घ्यावं.

ह्याला अमेरिकेतला एक धागा आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठात फ्रान्झ बोआस हा मानववंशशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या गोल्डनवायझरच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला जातीवरचा निबंध वाचला. ह्या बोआसनं त्याच्या थोडंसं आधी एक प्रचंड काम केलं होतं. युरोपातून न्यूयॉर्कला आलेले गरीब ज्यू, इटालियन असे सुमारे १८ हजार लोक, स्थलांतरित आणि त्यांची मुलं, त्यानं मोजले. १९११-१२ मध्ये निष्कर्ष आला. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा बांधा आईबापांपेक्षा बदललेला होता. डोक्याचा आकार, जो पिढ्यान्‌पिढ्या अढळ मानला जायचा, तोही थोडा सरकला होता. पुढच्या संशोधकांनी त्याच्या आकड्यांवर वाद घातले, बदल किती मोठा ह्यावर मतभेद झाले. पण परिस्थिती शरीरावर आपला ठसा उमटवते, ही गोष्ट त्यानंतर कुणाला पुसता आली नाही.

४. कुन्नूरचे उंदीर

आता आपल्या देशातला पुरावा. निलगिरीत कुन्नूर नावाचं गाव आहे. तिथं रॉबर्ट मॅक्कॅरिसन नावाचा लष्करी डॉक्टर अन्नावर संशोधन करायचा. ह्याच प्रयोगशाळेतून पुढं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९२० च्या दशकात त्यानं एक प्रयोग केला. साधाच, पण जबरदस्त. एकाच जातीची, एकाच वयाची उंदराची पिल्लं घेतली. त्यांचे सात गट केले. एका गटाला शीख माणसाचं जेवण दिलं, दुसऱ्याला पठाणाचं, तिसऱ्याला मराठ्याचं, मग गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. बाकी पिंजरा, पाणी, हवा सगळं सारखं.

शीख ताटावरचे उंदीर, म्हणजे गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, भाज्या आणि अधूनमधून मटण, सरासरी २३५ ग्रॅमचे झाले. मराठा ताटावरचे २२५. मद्रासी ताटावरचे, म्हणजे बहुतेक सगळा सडलेला पांढरा भात, १५५ ग्रॅमचे. ८० ग्रॅमचा फरक. आई-बाप एकाच कुळातले, रक्त एकच, ताट वेगळं.

रॉबर्ट्सनं ज्याला लढवय्यांची यादी म्हटलं होतं, तीच यादी जवळजवळ ह्या उंदरांच्या वजनात उतरली. शीख वर, मद्रासी खाली. उंदरांना कुणी शौर्याची परंपरा सांगितली नव्हती! हा मॅक्कॅरिसन काही क्रांतिकारक नव्हता, साम्राज्याचाच नोकर होता. त्यानं सात ताटं मांडली, पण आठवं मांडलं नाही. गावकुसाबाहेरचं. शिळे तुकडे, कण्या, अंबाडीची भाजी आणि मेलेल्या ढोराचे वाळवलेले तुकडे. ते ताट मांडलं असतं तर उंदीर किती ग्रॅमचे झाले असते, हे आपल्या आज्यांच्या बरगड्यांवर लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेची गरज नव्हती.

५. शरीराच्या आत काय चालतं?

पोरगं म्हणेल, दादा, इतिहास झाला, पण हार्मोनचं काय? डॉक्टर म्हणतो सगळं हार्मोनवर असतं. खरं आहे. पण हार्मोन कशावर असतं, ते डॉक्टर सांगत नाही.

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, पिट्युटरी. ती वाढीचं हार्मोन सोडते, बहुतेक करून गाढ झोपेत. ते हार्मोन यकृताला निरोप देतं, आणि यकृत 'आयजीएफ-१' नावाचा दुसरा रस तयार करतं. हा दुसरा रस हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेवर काम करतो आणि हाड लांब होतं. आता पोटात प्रथिनं नाहीत, अन्न कमी आहे, अशा वेळी काय होतं? पिट्युटरी ओरडत राहते, वाढ, वाढ. पण यकृत ऐकत नाही. ते आयजीएफ-१ बनवणं कमी करतं. शरीराचा हिशेब सरळ आहे : आज जगायचंय, उद्याची उंची उद्या बघू. भुकेल्या पोराच्या रक्तात वाढीचं हार्मोन उलट जास्तच सापडतं. म्हणजे हुकूम निघतोय, पण गोदामात माल नाही. रेशनच्या दुकानासारखंच.

मग मिसरूड फुटायचं वय येतं. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वाहायला लागतं. त्यानं आवाज फुटतो, खांदे रुंद होतात, दंड भरतात, हाडं जाड होतात. पुरुषाचा बांधा म्हणतात तो हा. पण हे नळ कधी उघडायचे आणि किती, तेही शरीर आपला साठा बघून ठरवतं. लहानपणापासून खाण्याची मारामार असेल, तर वयात येणं लांबतं. मोठ्या माणसालाही उपाशी ठेवा, त्याची मर्दानगी दोन-चार महिन्यांत ओसरते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धट्ट्याकट्ट्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून बघितलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शानं उतरलं, अंगातली ताकद गेली, आणि बाईचा विचारही मनात येईना. सगळे स्वखुशीनं आलेले गोरे तरुण. रक्त कुठं गेलं त्यांचं?

आणखी एक गोष्ट, मिशीवर ताव मारणाऱ्यांसाठी. पुरुषाची उंची थांबवणारं हार्मोन कोणतं? टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, ज्याला लोक बायकांचं हार्मोन म्हणतात, आणि तेच हाडांच्या टोकाची कूर्चा बंद करतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका माणसाची नोंद छापली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोपच कळत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि हाडं अजून बंद झाली नव्हती. म्हणजे पुरुषाचं हाडही बाईच्या रसावाचून पुरं होत नाही.

म्हणूनच वस्तीतल्या जिममध्ये जे इंजेक्शन मिळतं, त्याबद्दल सावध राहा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर आतलं बनवणं बंद करतं. वृषणं आकसतात, वीर्य आटतं, काळजावर ताण येतो. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं घेतलं, तर त्याचंच इस्ट्रोजेन होऊन हाडं वेळेआधी बंद होतात. उंची वाढवायला गेला आणि होती तीही गमावून बसला.

६. आईचं ताट, वस्तीचं पाणी

पुरुषाच्या छातीचं माप मैदानावर ठरत नाही. ते बरंचसं पोटात असताना आणि पुढच्या दोन वर्षांत ठरतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. तिथल्या बाळाचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आणि कमी काय होतं? स्नायू कमी होते. चरबी त्या मानानं राखलेली होती. वरून बारीक, आतून चरबीचं बाळ. मोठेपणी अशाच शरीराला मधुमेह लवकर गाठतो. म्हणजे दंड न भरणं आणि चाळिशीत साखर होणं, ही दोन दुखणी नाहीत. एकाच उपाशी गर्भाची दोन टोकं आहेत.

इथं आपल्यालाही आरशात बघावं लागेल. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं? खरवड कोण खातं? मोर्च्यात आपण समतेच्या घोषणा देतो, आणि पोटुशी बायको सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढं उरलंसुरलं खाते. पोराची छाती तिथं चेपली जाते. मनूला शिव्या द्यायच्या आणि त्याचं ताट घरात तसंच ठेवायचं, हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले पुष्कळ लोक लंडनला गेलेत. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास छापला. जे पुरुष लहानपणीच इंग्लंडला गेले, ते वयात लवकर आले, उंच झाले आणि त्यांचं टेस्टोस्टेरॉनही जास्त. जे मोठेपणी गेले, त्यांचं गावाकडच्यांइतकंच. मूळ एक, बालपण वेगळं. आणि ही गावाकडची घरं काही उपाशी नव्हती. म्हणून संशोधकांनी बोट ठेवलं ते आजारपणावर. जुलाब, जंत, ताप ह्यांच्याशी झगडण्यात पोराच्या अंगातली शक्ती जाते, वाढीला उरतच नाही. पोटात भाकरी पडली तरी घाण पाण्यानं सुजलेलं आतडं ती अंगी लागू देत नाही.

आता २० मार्च १९२७ आठवा. चवदार तळं. पाणी प्यायल्यानं आम्ही अमर होणार नाही हे बाबासाहेबांना माहीत होतं, तो हक्काचा लढा होता. पण आज आपल्याला त्याची दुसरी बाजूही दिसते. शतकानुशतकं ज्या वस्तीला खालच्या अंगाचं, गुरं धुतलेलं पाणी दिलं, त्या वस्तीच्या पोरांची उंची त्या पाण्यातच बुडवली. अस्पृश्यतेनं मन खच्ची केलं असं आपण म्हणतो. तिनं हाडंही आखूड केली.

७. आनुवंशिक काहीच नाही का?

आहे. खोटं बोलून चळवळ चालत नाही. पोटभर जेवणाऱ्या, सारख्या परिस्थितीतल्या माणसांत उंचीचा फरक मुख्यतः आईबापाकडूनच येतो. पण त्यावरून एका समूहाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. एकाच पोत्यातली ज्वारी अर्धी काळ्या रानात पेरा आणि अर्धी मुरमाड बरडावर. काळ्या रानातही एक ताट उंच, एक बुटकं निघेल, तो बियाण्याचा फरक. पण काळं रान आणि बरड ह्यांच्यातला फरक जमिनीचा. इथं जमीन कुणाची आणि बरड कुणाचं, हे वेगळं सांगायला पाहिजे का?

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका ह्या सहा देशांत बरी घरं, बरं अन्न, आईचं दूध मिळालेली मुलं मोजली. पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात असं निघालं. त्यात दिल्लीची मुलंही होती. हॉलंडचा पुरुष आज जगात सगळ्यात उंच, सुमारे १८३ सेंटिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तोच सुमारे १६५ होता. म्हणजे आपल्या पोलीस भरतीच्या मापावर काठावर पास! दीडशे वर्षांत असं रक्त बदलत नसतं. दूध, मांस, स्वच्छ पाणी, दवाखाना आणि मजुरी बदलली.

आणि मालकाला शरीराचं हे गणित नेहमीच ठाऊक असतं. १८०८ नंतर अमेरिकेत गुलाम जहाजावर चढवताना त्यांची उंची लिहून ठेवावी लागे. त्या कागदांवरून रिचर्ड स्टेकेल ह्या इतिहासकारानं गुलामांच्या वाढीचा हिशेब मांडला. गुलामांची लहान मुलं भयंकर खुरटलेली होती, आजच्या कुठल्याही तक्त्यात तळाला. पण दहा-बारा वर्षांची होऊन शेतावर जुंपली, की डुकराच्या मांसाचा, मक्याचा शिधा सुरू व्हायचा, आणि मोठेपणी गुलाम पुरुष सुमारे १७० सेंटिमीटरपर्यंत पोचायचा. पोर कामाचं नाही तोवर उपाशी, कामाचं झालं की खुराक. बैलासारखा. आणि आपल्या येसकराला? त्याला तो बैलाचा मानही नव्हता. बैल विकत घ्यावा लागतो, मेला तर मालकाचं नुकसान. महार फुकट होता. मेला तर दुसरा होता.

८. मग करायचं काय?

१९१९-२० नव्हे, २०१९-२१ ची गोष्ट सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. अनुसूचित जातींत सुमारे ३९, अनुसूचित जमातींत सुमारे ४१, आणि वरच्या इतरांत सुमारे ३०. हा दहा टक्क्यांचा फरक म्हणजे जात सेंटिमीटरमध्ये.

महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. आपण सोडलं, माणूस म्हणून ताठ झालो. पण त्या जागी चांगलं अन्न यायला पाहिजे होतं, ते समाजानं दिलं नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि गरिबाच्या बाजारातलं सगळ्यात स्वस्त मांस गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला. तामिळनाडूच्या शाळेत पोराला अंडं मिळतं. इथं अंड्यालाही सोवळं आडवं येतं. कुणाच्या तरी धर्मासाठी आपल्या पोरांनी खुजं राहायचं, हा करार आपण कधी केला?

पँथर म्हटलं की आपल्याला काळं जाकीट आणि आवळलेली मूठ आठवते. ओकलंडच्या ब्लॅक पँथरनी १९६९ च्या जानेवारीत दुसरंही एक काम सुरू केलं. शाळेत जायच्या आधी पोरांना फुकट नाश्ता. एफबीआयचा प्रमुख हूव्हर त्यांच्या बंदुकीला जेवढा घाबरला नाही, तेवढा ह्या नाश्त्याला घाबरला. त्याला बरोबर कळलं होतं. पोट भरलेलं पोर मान वर करून बघतं.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, एक वही घ्या. वस्तीतल्या प्रत्येक पाच वर्षांखालच्या पोराचं वजन आणि उंची दर महिन्याला लिहा. अंगणवाडीत वजनकाटा आहे की नाही, आहार पोचतो की मधेच मुरतो, ते बघा. नळाचं पाणी गटाराशेजारून येतं का, ते बघा. पोटुशी बाई आधी जेवेल, हा नियम आपल्या घरापासून लावा. शाळेत अंडं मागा, लेखी मागा, पावती घ्या. ते आकडे घेऊन तहसीलवर जा. भाषणाला उत्तर देता येतं, आकड्यांना देता येत नाही.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपण उंच झाल्यावर माणूस ठरणार नाही, आपण माणूस आहोतच. १६० सेंटिमीटरचा माणूस १८० च्या माणसापेक्षा तसूभरही कमी नाही. मुद्दा बुटकेपणाचा नाही. मुद्दा असा आहे की जी उंची आपल्या पोराच्या हाडात होती ती कुणी खाल्ली? इतकी वर्षं त्यांनी आपल्याला मोजलं. आता वही आपल्या हातात आहे.

जय भीम.